कड्यावरचा आनंद आणि त्याचा खंड

सकाळी डिंभे धरणाच्या काठाकाठाने चालावे, दुपारी आहुप्याच्या कड्यावरून खाली पसरलेले कोकण पाहावे आणि रात्री पुण्याला परतावे, असा एका दिवसाचा बेत शहरी मध्यमवर्गात आता रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखकानेही तो नुकताच केला. पाय थकले, मन प्रसन्न झाले. परंतु या प्रसन्नतेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आपल्या वर्तुळातही कोणी विचारीत नाही; म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या काठावर आपण चालतो, तो निसर्गाने घडविलेला नाही. घोड नदी अडवून सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी साठविण्यात आले, त्यात शेते व घरे बुडाली, आणि तालुक्याला ज्याने नाव दिले ते आंबेगावही बुडाले. पाणी कालव्यांतून पूर्वेच्या बागायतीकडे गेले. काठावर उरलेला महादेव कोळी शेतकरी मात्र पाणी ओसरण्याची वाट पाहतो आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत चार दाणे पिकवितो. आपण ज्याला रम्य किनारा म्हणतो, ते त्याचे बुडालेले शेत आहे.

कड्यावरची कथा निराळी नाही. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झाले. शेकरू वाचावी, हा हेतू योग्यच होता. पण आहुप्याची देवराई वनखाते जन्माला येण्यापूर्वीपासून कोणी राखली? ज्यांनी राखली, त्यांनाच जंगलात परके ठरविण्यात आले. हिरडा वेचणाऱ्या बाईकडे संशयाने पाहणारी व्यवस्था मोटारीतून उतरणाऱ्या पाहुण्याचे मात्र स्वागत करते. ३० जुलै २०१४ रोजी याच खोऱ्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. जून २०२० च्या निसर्ग वादळाने हिरड्याची झाडे मोडली आणि भरपाईसाठी आदिवासींना आंदोलन करावे लागले. सहलीच्या वर्णनांत यातले काही येते काय?

भटकंती ही चैन आहे, असे आम्ही म्हणत नाही. १९३२ साली मँचेस्टरच्या तरुण कामगारांनी जमीनदारांनी शिकारीसाठी बंद केलेल्या किंडर स्काउटच्या पठारावर सामुदायिक प्रवेश केला आणि त्यांपैकी काहींनी तुरुंगवास भोगला. डोंगरावर चालण्याचा हक्क श्रमिकांनी लढून मागितला आहे. पण तेथे वाट अडविणारा जमीनदार होता. येथे वाट राखणाराच निर्धन आहे. म्हणून तेथील घोषणा येथे जशीच्या तशी चालणार नाही.

पर्यटनाने रोजगार येतो, असे सांगितले जाते. जुन्नर तालुका २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीरही झाला. रोजगार येतो, हे खरे, पण कोणता? भांडी घासण्याचा आणि गाड्या राखण्याचा. रिकार्डोने शिकविलेला खंडाचा सिद्धान्त येथे लावून पाहावा: कड्यावरचे दृश्य कोणाच्याही भांडवलाने निर्माण झालेले नाही, तरी त्याचा खंड रिसॉर्टचा मालक आणि सहलींचा ठेकेदार वसूल करतो. ज्याने डोंगर राखला, त्याच्या वाट्याला मजुरी आणि मागे उरलेला प्लास्टिकचा कचरा येतो.

उपाय कायद्यातच आहे. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला अधिकार देतात. वाटा किती खुल्या ठेवाव्यात, एका दिवशी किती माणसे यावीत, शुल्क किती आणि ते कोणत्या कामी खर्चावे, हे ग्रामसभेने ठरवावे. जेथे सामूहिक वनहक्काचे दावे रखडले आहेत, तेथे ते मार्गी लावणे हे आपले काम आहे.

कार्यकर्त्यांची शिबिरेही या डोंगरांत भरतात. पुढच्या शिबिरात सूर्यास्त अवश्य पाहावा. पण त्याआधी एक दुपार गावच्या ग्रामसभेत बसून काढावी. जे डोंगर राखतात त्यांचा डोंगरावरील हक्क ज्याला दिसत नाही, त्याची भटकंती कितीही निरागस असली तरी ती फुकटाचा खंड खाणारीच ठरते.