विश्लेषण : ‘सर्व्हर हँग झालाय’ म्हणजे नेमके काय? रीस्टार्टने दुखणे बरे का होत नाही?

दुय्यम निबंधक कार्यालय असो, बँकेची शाखा असो की रुग्णालयातील केसपेपरची खिडकी; ‘सर्व्हर हँग झालाय, थांबा जरा’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस विरळाच. अर्ध्या तासाने कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतो, रांग सरकते, विषय संपतो. काही दिवसांनी पुन्हा तेच. रीस्टार्टने सेवा सुरू होते हे खरे. पण सर्व्हर कशामुळे अडकला याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो.

‘क्रॅश’ आणि ‘हँग’ यांत फरक काय?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. भारतातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो क्रॅश होता. नुकसान प्रचंड झाले, पण बिघडलेल्या ड्रायव्हरचे नाव निळ्या पडद्यावरच दिसत होते. हँग झालेला प्रोग्राम मात्र जिवंत असतो. सर्व्हर ‘पिंग’ला उत्तर देतो, सर्व्हिसपुढे ‘रनिंग’ असे लिहिलेले असते, प्रोसेसरवर ताणही नसतो. फक्त काम होत नाही. त्यामुळे देखरेखीच्या स्क्रीनवर सगळे हिरवे आणि खिडकीबाहेर रांग, असा विचित्र प्रकार घडतो.

थ्रेड अडकतात कसे?

सर्व्हरवरील प्रोग्राम एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळतो, ते थ्रेडच्या जोरावर. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत काम करणारे कारकून म्हणा. एकाकडे शिक्का आहे आणि त्याला रजिस्टर हवे आहे. दुसऱ्याकडे रजिस्टर आहे आणि तो शिक्क्याची वाट पाहतोय. हातातले सोडायला दोघेही तयार नाहीत. याला ‘डेडलॉक’ म्हणतात. तो आपोआप सहसा सुटत नाही.

नेटवर्कवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. दहाही खिडक्यांवर कारकून हजर आहेत, पण प्रत्येकाने मुख्य कार्यालयाला फोन लावलाय आणि पलीकडून कुणी बोलत नाही. प्रोग्रामरने ‘इतके सेकंद थांब, मग फोन ठेव’ अशी मुदत, म्हणजे टाइमआउट, घातली नसेल तर थ्रेड अनंत काळ थांबू शकतो. मधल्या राउटरने जोडणी गुपचूप तोडली असेल, तर तेही त्याला कळत नाही. समोरचा जिवंत आहे का, हे विचारणारी टीसीपीची ‘कीप-अलाइव्ह’ सोय मुळात बंद असते. ती सुरू केली तरी विंडोजच्या मूळ सेटिंगनुसार पहिली चौकशी होते २ तासांनी! तोवर सगळे थ्रेड एकेक करून अडकलेले असतात.

४९.७ आणि ४९७ दिवसांचे गणित काय?

काही दोष कॅलेंडर पाहून येतात. विंडोजमधील एक जुने घड्याळ संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटच्या आकड्यात मोजते. हा आकडा ४२९ कोटींपलीकडे जाऊ शकत नाही. ४९.७ दिवसांत तो भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. विंडोज ९५ आणि ९८ नेमक्या याच मुदतीनंतर हँग होत.

याची सर्वांत भीतीदायक प्रचीती अमेरिकेत आली. १४ सप्टेंबर २००४ रोजी लॉस एंजलिस परिसराची हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या पामडेल येथील केंद्राचा शेकडो विमानांशी आवाजी संपर्क तुटला. पर्यायी यंत्रणाही टिकली नाही. नियंत्रकांनी खिशातले मोबाइल काढून इतर केंद्रांना कळवले. सुमारे ३ तास हा गोंधळ चालला. किमान ५ वेळा विमाने ठरलेल्या सुरक्षित अंतरापेक्षा जवळ आली. टक्कर झाली नाही. संपर्क यंत्रणेच्या नियंत्रणासाठी विंडोजवर चालणारा सर्व्हर होता आणि तो ४९.७ दिवसांत बंद पडू शकतो हे आधीच माहीत होते. त्यावर काढलेला उपाय? दर ३० दिवसांनी हाताने रीस्टार्ट. तो एकदा करायचा राहिला.

पुढे विंडोज सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ मध्ये याचाच चुलतभाऊ सापडला. तिथले घड्याळ १० मिलिसेकंदांच्या टप्प्याने चाले, म्हणून मुदत दसपट, ४९७ दिवस. त्यानंतर वापरून झालेले नेटवर्क पोर्ट मोकळे होईनात. पोर्ट संपले की नवी जोडणी बंद. रीस्टार्ट केला की सारे सुरळीत, म्हणजे पुढच्या सव्वा वर्षापुरती शांतता. मायक्रोसॉफ्टने यासाठी स्वतंत्र दुरुस्ती दिली.

पुरावा कसा जपता येतो?

यासाठी काही महागडी यंत्रणा लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये अडकलेल्या प्रोसेसवर राइट क्लिक करून ‘क्रिएट डंप फाइल’ निवडले, की त्या क्षणीची मेमरी जशीच्या तशी फाइलमध्ये उतरते. तिथेच ‘अ‍ॅनलाइझ वेट चेन’ हा पर्यायही असतो. कोणता थ्रेड कुणासाठी थांबलाय, याचा माग त्यातून लागू शकतो. डंप मग ‘विनडीबीजी’ या मोफत साधनात उघडून प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे ते पाहता येते. काही मिनिटांच्या अंतराने दोन डंप घेतलेले बरे. दोन्हींत तोच थ्रेड त्याच जागी दिसला, तर तो संथ नाही, अडकलेला आहे. एक काळजी मात्र हवी. डंपमध्ये पासवर्ड आणि ग्राहकांची माहितीही येऊ शकते, त्यामुळे ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याची नव्हे.

अडचण तंत्रापेक्षा व्यवहाराची आहे. रांगेतले लोक ओरडत असताना आणि साहेबांचा फोन वाजत असताना डंपसाठी पाच मिनिटे मागण्याची हिंमत कंत्राटी तंत्रज्ञाने करावी कशी?

भारतात नियम काय सांगतात?

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. सायबर घटनांची माहिती ६ तासांत कळवावी लागते. हा सारा रोख हल्ल्यांवर आहे. हँग झालेल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये बहुधा शेवटची नोंद असते आणि पुढे कोरी जागा, कारण नोंद लिहिणारा थ्रेडही अडकलेला असू शकतो. त्यामुळे सेवा खंडित झाल्यावर कंत्राटदाराकडून नुसता ‘सेवा पूर्ववत’ असा अहवाल घ्यायचा की डंपच्या आधारे कारण मागायचे, हे निविदेतल्या अटींवरच ठरते. विंडोज सर्व्हर २०१६ ची नियमित सुरक्षा-मदत १२ जानेवारी २०२७ रोजी संपते. त्या निमित्ताने अनेक कार्यालयांना सर्व्हर बदलावे लागतील आणि या अटी नव्याने लिहिण्याची संधीही तेव्हाच येईल.