पाकिटावर नाव कुणाचं?

घरी मसाला करून विकणाऱ्या आपल्या बायकांना हल्ली एक सल्ला फुकट मिळतो. मसाला झकास आहे, पण पाकिटावर नाव ‘न्यूट्रल’ ठेवा. ‘रेहानाचा मसाला’ नको, काहीतरी कोकण-बिकण ठेवा. सल्ला देणारे बहुधा घरचेच असतात आणि काळजीपोटीच देतात. तरीही मला तो मान्य नाही.

मुळात तो कुचकामी आहे. बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षा खात्याचा १४ अंकी क्रमांक कायद्यानेच छापावा लागतो. म्हणजे पुढे कोकण आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात रेहाना. ज्याला त्या नावाचं वावडं आहे तो पाकीट उलटून बघणारच. वर म्हणणार, बघा, लपवलं होतं!

मग कुणी विचारेल, २०२४च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या हॉटेलवाल्यांना नावाच्या पाट्या लावायला सांगितल्या, तेव्हा का ओरडलात? ओरडलो, आणि पुन्हा ओरडू. ती पोलिसांची सक्ती होती, गिऱ्हाइकाने नाव वाचून पाठ फिरवावी म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला ती रोखली. पदार्थ कोणता ते सांगा, मालकाच्या नावाची सक्ती नको, असं बजावलं. दंडुक्याच्या धाकाने लावलेलं नाव आणि रेहानाने स्वतःच्या मर्जीने छापलेलं नाव एकच कसं?

काही गिऱ्हाइकं तुटतील, हे खरं. जी राहतील ती मसाल्यासाठी राहतील.

आता आपल्या घरातलं. आपली लेबलं पाहा: हिरवा रंग, घुमट, चांदतारा, आणि हळदीच्या पुडीवर ‘हलाल’. हळद हराम कधी होती? मालकाचं नाव बघावं तर शौहरचं, नाहीतर ‘अँड सन्स’. मिरची भाजताना ठसका हिला आणि पाकिटावर नाव मुलांचं! हजरत खदीजा (र.) स्वतः व्यापार करायच्या, हे बयानात मान डोलावत ऐकायचं आणि घरी आल्यावर विसरायचं.

छपाई परवडत नाही ही सबबही आता चालणार नाही. प्रेसवाला एकदम हजार लेबलं घ्यायला लावायचा, म्हणून एकदा ठरलेलं नाव बदलता येत नसे. आता मोबाइलवर डिझाइन करा, ए-फोर स्टिकर कागदावर घरच्या प्रिंटरवर वीस लेबलं काढा. आवडलं नाही तर उद्या बदला. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते, तेव्हा वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. थर्मल प्रिंटर स्वस्त पडतो, पण त्याची अक्षरं उन्हात उडतात. मसाल्याला तो नको.

आणि मराठीत छापा. कायद्याला इंग्रजी किंवा हिंदी मजकूर लागतो, तो मागे द्या. समोर मोठ्या अक्षरांत ‘रेहानाचा मसाला’, आणि खाली गावाचं नाव.