आधी जोयड्याचा थेंब मोजा

रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परतणारी ऊर्जा मोजते. ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, पाणी मात्र तिसऱ्याच घाताने. २ मिलिमीटरचा एक थेंब रडारला १ मिलिमीटरच्या ६४ थेंबांइतका दिसतो. प्रत्यक्षात त्या ६४ थेंबांत आठपट पाणी असते.

उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यात हा फरक महाग पडतो. मान्सूनचे वारे घाटाला थडकले की कॅसलरॉक-दिग्गीच्या अंगाला बरेचदा उथळ ढगांचा, बारीक थेंबांचा संततधार पाऊस लागतो. परावर्तित ऊर्जेवरून पाऊस काढण्याचे मार्शल आणि पामर यांचे १९४८चे सूत्र (गुणक २००, घातांक १.६) ४० डीबीझेड परावर्तनाला ताशी सुमारे ११.५ मिलिमीटर पाऊस देते. उष्ण कटिबंधासाठी वापरले जाणारे सूत्र (२५० आणि १.२) त्याच परावर्तनाला ताशी २१.६ देते. रडार तेच, ढग तोच, पाऊस जवळपास दुप्पट! गणेशगुडीच्या सुपा धरणात किती पाणी येणार आणि खाली कद्रापर्यंत काळी नदीत किती सोडावे लागणार, हा हिशेब अशा आकड्यावर कसा उभा करायचा?

त्यात भर अंतराची. पणजीचे रडार जोयड्यापासून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. किरण अर्धा अंश वर धरला तरी तो इथे समुद्रसपाटीपासून सुमारे एक किलोमीटरवर पोचतो, वाटेत सह्याद्रीची धार आडवी येते ती वेगळीच. उथळ ढगाच्या तळाशी पाऊस जोर धरतो, तो भाग किरणाखालून निसटतो. ही उणीव कोणताही गुणक भरून काढणार नाही.

निदान गुणक तरी नेमका हवा तर थेंब मोजावे लागतील, आणि ती परंपरा आपल्याकडे जुनी आहे. रमण मूर्ती आणि गुप्ता यांनी दिल्ली व खंडाळा येथील मान्सूनच्या थेंबांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. आज महाबळेश्वरला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या (आयआयटीएम) मेघभौतिकी प्रयोगशाळेत डिस्ड्रोमीटर, म्हणजे थेंबांचे आकार मोजणारी यंत्रे, चालतात. पण तिथले गुणक उचलून इथे लावू नयेत. खुद्द या तालुक्यातही एकच गुणक सरसकट चालणार नाही. घाटमाथ्यावरून दांडेली-हल्याळकडे उतरताना पाऊस झपाट्याने घटतो, आणि वातविमुख बाजूला थेंब मोठे होतात असे पश्चिम घाटातील अभ्यास सांगतात. म्हणून निदान दोन ठिकाणी, कॅसलरॉकला आणि दांडेलीकडे, डिस्ड्रोमीटर हवा.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. जॉस-वाल्डवोगेल पद्धतीच्या आघातमापक डिस्ड्रोमीटरला ०.३ मिलिमीटरखालचे थेंब कळत नाहीत, आणि मुसळधारेत मोठ्या थेंबाच्या धक्क्यामागून येणारे लहान थेंब तो गाळतो. म्हणजे घाटाला जे सर्वांत महत्त्वाचे, तेच कमी मोजले जाते. शेजारी साधा पर्जन्यमापक असलाच पाहिजे, आणि दोघांवरचा एकूण पाऊस रोज ताडून पाहिला पाहिजे.

या अंकापासून रडारवर आधारित पर्जन्यनकाशा पाठवणाऱ्या प्रत्येक लेखकाने त्याखाली वापरलेला गुणक, घातांक, किरणाची उंची आणि पडताळणीचा पर्जन्यमापक नोंदवावा. या चार गोष्टींशिवाय नकाशा छापला जाणार नाही.