सव्वा इंचाचं जातं



"चाळिशी उलटली तरी हिची भातुकली सुटली नाही." घरातल्या वस्तूंच्या छोट्या, हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकीने हे वाक्य कधी ना कधी ऐकलंय. कुणी हसत बोलतं, कुणी टोचून. त्यावर मी एवढंच म्हणेन की भातुकली सुटली नाही हे चांगलंच झालं. मात्र आपण काय करतो, कशासाठी करतो आणि करून झाल्यावर त्याचं काय करतो, याचा विचार आपल्याला करावाच लागेल. माझं मत सरळ आहे. इवलासा परदेशी सोफा विकत आणून काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा आपल्या घरातून निघून चाललेली वस्तू करावी, ती मापात करावी, आणि ती दुसरीला द्यावी.

आधी मापाचं बघू. आपल्या लहानपणच्या भातुकलीला माप नसायचं. पंढरपूरहून आणलेला पितळी बंब चुलीपेक्षा मोठा आणि विळी पाटापेक्षा लांब, तरी खेळ रंगायचा. बाहुलीघर करणाऱ्यांचं जगभर रूढ असलेलं माप एकास बारा असं आहे, म्हणजे खऱ्या एका फुटाचा इथे एक इंच. सहा फुटांचं दार सहा इंचांचं होतं. पंधरा इंच व्यासाचं जातं सव्वा इंचाचं होतं. हे माप पाळायचं ठरवलं की एक गंमत होते. खरी वस्तू शोधायला उठावं लागतं, टेप घेऊन माळ्यावर चढावं लागतं, आणि वस्तू मोडीत गेली असेल तर ज्यांनी ती वापरली त्यांच्याजवळ जाऊन बसावं लागतं. वैलाच्या चुलीला वैल कुठल्या बाजूला? खुंटा जात्याच्या कडेपासून किती आत? हे आपल्याला आठवत नाही. आपल्या आज्जींना, आत्यांना आठवतं. पण त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत.

मला हे सगळ्यात जास्त जाणवलं ते पाण्याच्या वस्तू करताना. पाणी गाळायचं कापड ३६ अंगुलं लांब, २४ अंगुलं रुंद, जाड आणि दुहेरी असावं, हे आपण ऐकत आलोय. बाराने भागा, बरोबर ३ अंगुलं आणि २ अंगुलं येतात. जुन्या धोतराचा तेवढा तुकडा कापून मी घागरीच्या तोंडावर बसवला. मग विहिरीची बादली करायला घेतली. आत्या म्हणाल्या, "खाली कडी लाव की गं." बुडाला कडी कशाला, हे आमच्या गटातल्या एकीलाही सांगता येईना. आत्यांनी समजावलं. कापडावर राहिलेली जिवाणी ज्या पाण्यातली असेल त्याच पाण्यात परत सोडायची. ती वरून ओतली तर उंचावरून पडून त्या जीवांचा घात होणार. म्हणून बादली पाण्याला टेकेपर्यंत दोराने खाली न्यायची आणि मग बुडाच्या कडीने ती अलगद उलटी करायची.

एका कडीत केवढा विचार! घरोघर नळ आला, वरती फिल्टर आला, आणि ती बादली भंगारात गेली. त्याबद्दल कुणाला दोष नाही, आपण काही विहिरीवर परत जाणार नाही. पण बादलीबरोबर तिच्यामागचा विचारही जावा का? आज आमच्या गटातल्या सहा घरांत दीड इंचाची ती बादली आहे. आलेलं प्रत्येक लहान मूल पहिल्यांदा तिलाच हात लावतं आणि "ही कडी कशाला?" म्हणून विचारतं. प्रवचनात तास घालवून जे पोचत नाही, ते त्या प्रश्नातून पोचतं.

बाहुलीघराच्या इतिहासातही या दोन्ही वाटा दिसतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात १६३१ साली ॲना केफरलिन नावाच्या बाईने मोठं बाहुलीघर लोकांना पाहायला मांडलं होतं. घर कसं चालतं, कुठली वस्तू कुठे असावी, हे मुलांनी पाहून शिकावं हा तिचा हेतू. पुढे त्याच शतकात हॉलंडमध्ये पेट्रोनेला ओर्टमन या श्रीमंत बाईने जे बाहुलीघर करवून घेतलं, त्यावर कालव्याकाठच्या खऱ्या घराएवढा खर्च झाला म्हणतात. ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि देखणं आहे यात वाद नाही. पण मला विचाराल तर आपली वाट केफरलिनबाईंची. आपल्याकडे पुण्याच्या विलास करंदीकरांनी जुनी भातुकली जमवून तिची प्रदर्शनं भरवली, तेव्हाही आज्या नातवंडांचा हात धरून "ही फुंकणी, हे शिंकं" असं दाखवत होत्या. आणि आपल्या कोल्हापुरात तर लांब जायलाच नको. दिवाळीत गल्लीतली पोरं चिखलाचे किल्ले करतात, कुंभार गल्लीतून मावळे आणतात, आणि बुरूज कुठे, दरवाजा कुठे हे हाताने शिकतात. पोरं किल्ला करतात, तर आपण घर का करू नये?

आता थोडं नाजूक बोलते. या छंदात खाण्याचे पदार्थ फार लोकप्रिय आहेत, आणि कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा आलाच. एका मैत्रिणीला तसं ताट करून द्यायची मागणी आली. "मातीचंच तर आहे, त्यात काय?" असं तिने विचारलं. आपल्याकडे यशोधराची कथा आहे. आईच्या आग्रहापुढे त्याने खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा केला आणि त्याचा बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, पण संकल्प मारण्याचा होता, आणि तो पुढे कित्येक जन्म भोवला. मैत्रीण काही बळी देत नव्हती, त्यामुळे तिला घाबरवायचा प्रश्नच नाही. पण हात जे घडवतो त्यात मन गुंततं, एवढं त्या कथेतून कळतं. तिने पुरणपोळी-कटाच्या आमटीचं ताट करून दिलं, घेणाऱ्यालाही आवडलं. मी स्वतः रेशीम, लाख आणि केसांचे ब्रश टाळते. सुती धागा आणि नायलॉनचा ब्रश यांवर छान भागतं.

आणि पिठाच्या कोंबड्यात भाव गुंततो, तर मातीच्या चुलीतही गुंततोच की.

राहिला परिग्रहाचा प्रश्न. छोटी वस्तू जागा कमी घेते म्हणून तिचा मोह कमी असतो असं नाही, उलट जास्त असतो. "एवढीशी तर आहे" म्हणत म्हणत शंभर होतात. दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण जे ऐकतो, ते या कपाटालाही लागू आहे. आमच्या गटात म्हणून एक नियम आहे. कुठलीही वस्तू दोन करायच्या, एक आपली आणि एक दुसरीची. घेणारीने बदल्यात वस्तू द्यायची नाही, माहिती द्यायची. तिच्या माहेरी त्या वस्तूला काय म्हणत, ती कधी वापरत, शेवटची कुणी वापरली, हे सगळं वहीत लिहून ठेवायचं. सामान तर घरातलंच असतं. शाडू, आइसक्रीमच्या काड्या, तुटलेल्या बांगड्या, जुन्या मोटारीतली तांब्याची तार. रुपयांनी महागडं यात काही नाही, वेळ तेवढा लागतो.

"रिकामपणाचे उद्योग" म्हणणाऱ्यांना म्हणू दे. वाडे पडताहेत, पितळ किलोवर जातंय, आणि ज्यांना नावं माहीत आहेत त्या एकेक करून आपल्यातून जाताहेत. हे थांबवणं आपल्या हातात नाही. पण या चातुर्मासात एक दुपार काढून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईजवळ टेप घेऊन बसणं नक्की हातात आहे. तिला एवढंच विचारा, तुमच्या स्वयंपाकघरात दारातून आत आल्यावर डाव्या हाताला काय होतं?