घरात वकिली नको

मराठीत काही शब्दांचे नशीबच फुटके असते. 'तर्क' हा त्यांतला एक. त्याला शेपूट लागले की 'तर्कट' होते, पुढे 'कु' बसला की कुतर्क, आणि जोडीने आला की तर्कवितर्क. म्हणजे कोणाच्या तरी घरचे लग्न मोडल्याची कुजबुज! नुसता तर्क, आपला सरळ, साधा, आपल्या कानांवर क्वचितच पडतो. त्यातून एखाद्या मुलीने लागोपाठ दोन प्रश्न विचारले, की घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणणारच, "घरात वकिली नको." मुलगा तेच प्रश्न विचारतो, तेव्हा तो हुशार असतो. असो.

खरे तर निदान आम्हां नगरकरांनी तरी तर्काला असे वागवायला नको होते. आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या पहिल्याच अध्यायात गणेशाचे वर्णन आहे. त्यात त्याच्या हातांतल्या एकेका वस्तूला एकेक शास्त्र नेमून दिले आहे. परशू म्हणजे तर्क. मोदक मात्र वेदान्ताच्या वाट्याला गेला आहे. आपण मोदक तेवढा लक्षात ठेवला, आणि परशू मखरात राहू दिला.

हे सारे मला सुचण्याचे कारण माझी भाची. ती नेवाशाकडची. बारावी झाली आणि वकील व्हायचे म्हणून तिने हट्ट धरला. वर्षभर तयारीसाठी ती माझ्याकडे नगरला राहायला आली. (२०२४ पासून गाव अहिल्यानगर झाले आहे, पण एस.टी.त बसताना तोंडून अजून 'नगर'च निघते, वाचकांनी चालवून घ्यावे.) पूर्वी कायद्याच्या महाविद्यालयात गुणपत्रिका दाखवून जाता येत असे. २०१६ पासून राज्याची प्रवेश परीक्षा आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा दोन तासांची, प्रश्न १२०, आणि त्यांतले ३२ तर्काचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि प्रश्न मराठीतही मिळतात, ही त्यातली आनंदाची गोष्ट. संगणकासमोर बसून द्यायची असते, एवढेच.

पहिल्या महिन्यात मला वाटले, हा तर आमच्या वेळचा कोड्यांचा रविवार! अमुक पूर्वेला चालत गेला, डावीकडे वळला, आता त्याचे तोंड कोणीकडे? सहा जण गोल टेबलाभोवती बसले आहेत, कोण कोणाच्या समोर? नातेसंबंधांच्या प्रश्नांत तर मी भाचीला हरवू लागले. इंग्रजीत काका, मामा, मावशीचा नवरा आणि आत्याचा नवरा हे सगळे एकाच शब्दात कोंबलेले. त्यांची सोडवणूक करायला आकृती काढावी लागते. ज्या बाईने लग्नाच्या पंगतीत जावेच्या चुलत नणंदेला ओळखून मानाचे पान दिले आहे, तिला आकृती कशाला?

पण कोडी म्हणजे तर्क नव्हे. अमेरिकेत १९४८ पासून कायद्याच्या विद्यार्थ्यांची अशी परीक्षा घेतात. तिथे टेबलाभोवती माणसे बसवण्याच्या कोड्यांचा मोठा दबदबा होता. एका अंध उमेदवाराने हरकत घेतली, की ज्याला आकृती काढता येत नाही त्याच्यावर हा अन्याय आहे. प्रकरण कोर्टात गेले, २०१९ मध्ये समेट झाला, आणि ऑगस्ट २०२४ पासून ती कोडी परीक्षेतून गेली. राहिले ते उतारे: कोणी काय म्हटले, कशावरून म्हटले, आणि मधे न बोलता काय धरून चालला. वकिलाला लागते ते एवढेच, असे म्हणायला हरकत नाही.

आणि तिथेच भाचीचे घोडे अडले. 'पाऊस पडला तर अंगण ओले होते. अंगण ओले आहे. म्हणून पाऊस पडला.' बरोबर की चूक? ती म्हणाली, बरोबर. मी म्हटले, "अगं, तू नेवाशाची ना? आपल्याकडे पावसाची वाट पाहिली असती तर ओले अंगण दिसलेच नसते. मुळा धरणाचे आवर्तन सुटले असेल, चारीचे पाणी आले असेल!" ती हसली, पण पुढच्या प्रश्नात पुन्हा तिथेच पाय घसरला. तेव्हा मी तिला जुन्या न्यायशास्त्रातला धूर दाखवला. पाच पायऱ्यांचे ते अनुमान आहे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. अॅरिस्टॉटलचे काम तीन पायऱ्यांत भागते, पण आपल्या पंडितांना उदाहरण लागतेच, आणि शतकानुशतके त्यांनी साक्षीला बोलावले ते स्वयंपाकघराला. स्वयंपाकघरातल्या बाईला साक्षीला कोणी बोलावले नाही, हा भाग वेगळा.

पण धुरावरून अग्नी कळतो, अग्नीवरून धूर कळत नाही. पंडित त्यासाठी लोखंडाच्या तापलेल्या गोळ्याचा दाखला देत. अग्नी आहे, धूर नाही. मी गॅसची शेगडी पेटवून दाखवली. भाचीने पाहिले आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले, 'उलटे वाचू नये.' त्या दिवसानंतर तिचे असले प्रश्न चुकेनासे झाले.

याहून कठीण प्रकार गृहीतकांचा. विधान दिलेले असते, आणि बोलणाऱ्याने न सांगता काय धरले आहे ते ओळखायचे असते. पुस्तकातली विधाने परक्या माणसांची, रस्त्यांची आणि सरकारी योजनांची असतात. तिथे मन शांत राहते. जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, माझा थोरला भाऊ, म्हणजे भाचीचे वडील, तिळगूळ घेऊन आला. तिळगुळाबरोबर एक कागद होता, हक्कसोडपत्राचा. आमच्याकडे हे नवे नाही. वडील गेले की बहिणी निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करतात, भाऊ जेवण घालतो, साडी नेसवतो, आणि माहेर शाबूत राहते. थोरल्या ताईची सही होऊन गेली होती. भावाला सोसायटीचे कर्ज काढून ठिबक बसवायचे होते. सातबारा मोकळा हवा होता. त्यात खोटे काही नव्हते.

भाऊ म्हणाला, "तू कधी काही मागितले नाहीस. तुला काही नको, हे मला ठाऊक आहे."

भाची पलीकडे पुस्तक घेऊन बसली होती. तिने मान वर केली. "बाबा, आत्याने मागितले नाही, हे विधान. आत्याला नको, हा निष्कर्ष. मधे तुम्ही धरलेय काय, की ज्याला हवे असते तो मागतोच."

भाऊ तिच्याकडे पाहतच राहिला. मग ते वाक्य आले. "घरात वकिली नको!"

भावाची बाजू सांगायला हवी. आईचे शेवटचे आजारपण त्यानेच काढले, माझ्या लग्नाचे कर्जही त्यानेच फेडले. त्याने ते बोलूनही दाखवले. भाची म्हणाली, "ते सगळे खरेच आहे, बाबा. पण त्यावरून आत्याचा वाटा कमी होतो का? की फक्त आपण तिच्याशी प्रेमाने बोलावे एवढेच निघते?" तो न जेवता जाईल की काय, अशी मला भीती वाटली. मला एक वेगळीच गोष्ट खात होती. ज्या जमिनीवर ती बोलत होती ती उद्या तिची आणि तिच्या भावाची. मुलगी ज्या फांदीवर बसली होती, तिच्यावरच परशू चालवत होती, आणि तिला ते कळत होते.

त्या रात्री तिने मला कायदा समजावून सांगितला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला. पण लग्न आधी झालेल्या मुली वगळल्या. माझे लग्न १९९० चे. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने सर्व मुली आत आल्या. मग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत. आमचे वडील १९९९ मध्ये गेले. मी पुन्हा बाहेर. ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात सांगितले, की मुलीचा हक्क जन्माने येतो. मग वडील हयात असण्याची अट कोठून आली? आमची वाटणी कधी झालेलीच नव्हती. मी पुन्हा आत. भाची म्हणाली, "आत्या, बघ ना, हासुद्धा गृहीतकाचाच प्रश्न. आधीच्या निकालात धरून चालले होते, की हक्क जिवंत बापाकडून लेकीकडे यायचा असतो. कायद्यात तसे लिहिलेच नव्हते." मी इतकी वर्षे त्या दाराने आत-बाहेर करत होते आणि मला पत्ताही नव्हता.

मी सही केली नाही. करणार नाही, असेही म्हटले नाही. भावाला सांगितले, वाचून कळवते. त्याने कागद ठेवला, जेवला, आणि दुपारच्या गाडीने गेला. ताईचा फोन आला, "आता माहेरी कोणत्या तोंडाने जाशील?" ताईला मी उत्तर देऊ शकले नाही, तिने सही केली ती आनंदाने केली की रीत म्हणून, हे मी तिला कधी विचारलेले नाही.

भाचीला प्रवेश मिळाला आहे. फी भावानेच भरली, एक शब्द न बोलता. कागद कपाटात पैठणीखाली आहे. परवा भावाचा फोन आला. कांद्याच्या रोपांबद्दल बोलला, वहिनीचे गुडघे कसे दुखतात ते सांगितले, आणि भाऊबीजेला येतो म्हणाला. कागदाचे नावही काढले नाही. मी हे भाचीला सांगितले, तेव्हा माझ्या आवाजात जरा हायसे वाटल्याचे तिला कळले असावे.

"आत्या," ती म्हणाली, "बाबांनी विषय काढला नाही म्हणजे त्यांनी तो सोडला, असे धरू नकोस हं."

मी म्हटले, "धरत नाही. तू आधी चकलीची भाजणी दळून आण. आणि तुझ्या बाबांच्या वाटणीची कमी तिखटाची करायची आहे."