लाखेवरचे वाङ्मय

मराठीच्या एम. ए.ला लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका असते. तीत लावणी असते, पोवाडा असतो, ओवी असते. म्हणजे छापलेली असते. विद्यार्थी लावणीचे प्रकार पाठ करतो, तिच्यातला शृंगार आणि तिची सामाजिक पार्श्वभूमी यांवर दहा-दहा गुणांची उत्तरे लिहितो आणि पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत वर्गात एकही लावणी ऐकत नाही. बीड जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां काही जणांना ही गोष्ट फार दिवसांपासून खटकते आहे. साठच्या दशकात मराठीत निघालेल्या ध्वनिमुद्रिकांकडे आमच्या विषयाने ज्या तुच्छतेने पाहिले, किंबहुना पाहिलेच नाही, त्याबद्दल आता स्पष्ट बोलले पाहिजे.

आरंभ दूरच्या उदाहरणाने करतो, कारण तेथे हे काम झालेले आहे. १९६५च्या आगेमागे अमेरिकेच्या गावोगावी शाळकरी आणि कॉलेजातल्या पोरांनी असंख्य बँड काढले. तालीम घरातल्या मोटारीच्या गॅरेजमध्ये, तबकडी जवळपासच्याच एखाद्या किरकोळ कंपनीची : सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांची, प्रत्येक बाजूला एकेक गाणे. बहुतेकांचा इतिहास त्या दोन बाजूंतच आटोपला. या गाण्यांना पुढे ‘गॅरेज’ असे नाव पडले. तंत्र कच्चे, गिटार दोन-तीन कॉर्डच्या पलीकडे जात नाही, गायक गाण्यापेक्षा ओरडतो अधिक. ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स’ हा मिशिगनमधला असाच एक बँड. मुले मेक्सिकन वंशाच्या स्थलांतरित शेतमजुरांच्या घरांतली. त्यांचे ‘९६ टिअर्स’ प्रथम एका अगदी लहान स्थानिक लेबलवर निघाले आणि १९६६च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले ज्यांच्या वर्गात बसतात, त्या आम्हांला याचे मोल कोणी समजावून सांगायला नको.

काही वर्षांतच ही गाणी विस्मरणात गेली. ती परत आणली ती प्राध्यापकांनी नव्हे. लेनी के हा रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा आणि संगीतावर लिहिणारा तरुण होता. त्याने १९७२ साली इलेक्ट्रा कंपनीसाठी ‘नगेट्स’ नावाचा दोन तबकड्यांचा संच सिद्ध केला. २७ गाणी निवडली, त्यांवर टिपणे लिहिली. त्या टिपणांत ‘पंक-रॉक’ हा शब्द त्याने वापरला. त्या शब्दाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्या परिभाषेत हे संपादन आहे, प्रस्तावनेसह केलेले. तेही अशा वेळी, जेव्हा संपादित वस्तूला कोणी वाङ्मय म्हणत नव्हते. संग्राहकाचे प्रेम समीक्षेत उतरते ते असे.

(जाता जाता : ‘किंग्जमेन’ या बँडने १९६३ साली मुद्रित केलेल्या ‘लुई लुई’चे शब्द अश्लील आहेत अशा तक्रारी आल्या, तेव्हा एफबीआयने ती तबकडी वेगवेगळ्या गतींनी ऐकून पाहिली. शब्द लागेनात, म्हणून प्रकरण सोडून दिले. एवढ्या चिकाटीने आमच्या एखाद्या विद्यापीठाने मराठी गाणे ऐकल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

आता घराकडे वळू. ब्रिटनमध्ये अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या १९६०च्या सुमारास बंद झाल्या. भारतात त्या पुढेही निघत राहिल्या, कारण चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. त्यामुळे इंग्लंडात ज्यांची गाणी नव्या विनाइलवर येत होती, त्या बीटल्सच्या तबकड्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात जुन्या पद्धतीने लाखेवर उमटत होत्या. आज जगभरचे संग्राहक त्या तबकड्यांच्या मागावर असतात आणि चांगली प्रत मिळाली तर भरपूर पैसे मोजतात. गंमत अशी की त्याच कारखान्यात, त्याच वर्षांत, त्याच लाखेवर मराठी गाणीही उमटत होती. सुलोचना चव्हाणांची लावणी, शाहीर साबळ्यांचे पोवाडे आणि लोकगीते. बीटल्सची दमदमची तबकडी कोणत्या मालिकेतली, हे लंडनातल्या माणसाला माहीत असते. सुलोचनाबाईंची तबकडी कोणत्या साली निघाली आणि तिच्या पाठीमागच्या बाजूला काय होते, हे मराठीच्या विभागप्रमुखाला माहीत नसते. माहीत असावे असेही त्याला वाटत नाही.

बीडसारख्या जिल्ह्यात हे गाणे कसे पोचले? परळीचे औष्णिक वीजकेंद्र १९७०च्या दशकातले. त्याआधी खेड्यात तबकडी वाजायची ती चावीच्या पेटीवर, किंवा लग्नात, जत्रेत, उरुसात बॅटरीवर चालणाऱ्या कर्ण्यातून. कर्णेवाल्याच्या ट्रंकेत तबकड्या थोड्या आणि मागणी मोठी. पिन बदलायची ती दर बाजूला बदलायला हवी. पण पिनेलाही पैसे पडतात. म्हणून एकाच पिनेवर दहा-दहा गाणी व्हायची. अशा तबकडीचे चरे झिजून करडे पडतात आणि आवाजावर वाळू चाळल्यासारखी खरखर चढते. संग्राहकाच्या बाजारात अशी प्रत कवडीमोल. आम्हांला मात्र ती अधिक बोलकी वाटते. ‘वाचकप्रतिसाद’ या विषयावर आमच्याकडे चर्चासत्रांची रेलचेल असते. येथे गावाने कोणते गाणे पुन्हापुन्हा मागितले, त्याचा पुरावा लाखेत कोरून ठेवलेला आहे. दोन बाजूंपैकी कोणती अधिक झिजली आहे, एवढे पाहिले तरी कंपनीची आवड आणि गावाची आवड यांत किती अंतर होते ते कळते.

ही तबकडी म्हणजे जुन्या लावणीची नुसती नक्कल, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. फडावरची लावणी प्रेक्षकांच्या प्रतिसादावर लांबते. दौलतजादा होते, एखादी ओळ पाच वेळा फिरून येते, ढोलकीवाला मध्येच आपली करामत दाखवून घेतो. तबकडीला सव्वातीन मिनिटांची बाजू. एवढ्यात ढोलकीने लक्ष वेधायचे, पहिल्या ओळीने पकडायचे, झीलकऱ्यांनी साथ द्यायची आणि शेवटचा अंतरा पिन आत सरकण्यापूर्वी संपवायचा. कडवी कमी झाली, ध्रुवपद टोकदार झाले. त्याहून मोठा बदल असा की नाचणारीच नाहीशी झाली. सुलोचना चव्हाण तमाशातून आलेल्या नव्हत्या. त्या पार्श्वगायनातून आल्या. लावणीचे वळण त्यांना पती श्यामराव चव्हाणांनी लावले. डोक्यावरचा पदर ढळू न देता त्या गायल्या. घुंगरू, नजर, हात यांनी जे व्हायचे ते सगळे आवाजावर आले. शब्दातले एखादे व्यंजन दाबून सोडणे, ओळीच्या मध्येच श्वास तोडणे, आर्जवाच्या जागी अचानक ठसका आणणे : ही या लावणीची अलंकारव्यवस्था आहे. कागदावर ती दिसत नाही. म्हणजे कागदावर जी उतरते ती अर्धीच संहिता, आणि आम्ही त्या अर्ध्याच संहितेवर परीक्षा घेतो.

आमच्या परिचयाच्या एका संशोधक विद्यार्थिनीने या तबकड्यांवर पीएच. डी.चा आराखडा सादर केला. समितीने विचारले, “यात संहिता कोठे आहे?” आराखडा परत आला. या प्रश्नाचे उत्तर आमच्या जिल्ह्यातच आहे. दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईची. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळातल्या या कवीने लांबच लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ते कापड आहे म्हणून त्याला ग्रंथ म्हणायला आजवर एकाही वाङ्मयेतिहासकाराने नकार दिलेला नाही. कापडावरचा मजकूर संहिता ठरतो, मग लाखेवरचा का ठरू नये? माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आणि आज इंटरनेटवर त्यांच्याच आवाजात ऐकता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे काम उभे केले, त्यातला हा भाग. हे काम विद्यापीठाच्या मराठी विभागांतून उभे राहिलेले नाही, हेही नोंदवून ठेवू.

दुसरा आक्षेप ‘बाजारू’ या शब्दाचा. होय, या तबकड्या विकण्यासाठी निघाल्या. तमाशाही तिकिटावर चालतो आणि कादंबरीवरही किंमत छापलेली असते. याच दशकात मुंबईत ‘असो’ निघत होते, पुढे औरंगाबादेत ‘वाचा’ निघाले. लघुनियतकालिकांची ही चळवळ आम्ही आदराने शिकवतो आणि ते योग्यच आहे. तिच्या मोजक्या प्रतींच्या बंडाला वाङ्मयेतिहासात प्रकरण मिळते. गावोगाव कर्ण्यावर वाजलेल्या गाण्याला मात्र तळटीपही मिळत नाही. त्या चळवळीतल्या अरुण कोलटकरांना रॉक आणि ब्लूजची ओढ होती, त्यांनी स्वतः इंग्रजीत गाणी रचली, बळवंतबुवा या भजनगायकाच्या आठवणी ते वर्षानुवर्षे ऐकत आणि लिहून घेत बसले. शिष्यांनी कोलटकर घेतले आणि त्यांचा कान तेवढा सोडून दिला.

उलट बाजूला ‘भावगीतांचा सुवर्णकाळ’ नावाची एक कायमची मैफल चालू असते. त्या गाण्यांवर आमचा राग नाही. खळ्यांची चाल आम्हांलाही हलवते. राग आहे तो एका कपाटाला सगळे घर समजण्यावर. या सुवर्णकाळात वामनदादा कर्डक नसतात, विठ्ठल उमप नसतात, प्रल्हाद शिंदे असलेच तर आषाढीपुरते असतात. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज असलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले, तेव्हा अनेकांना शाहीर नव्याने आठवला. सरकारी शिक्का बसेपर्यंत थांबण्याची ही सवय समीक्षकाला शोभत नाही.

संग्राहकांनाही आम्ही देव्हाऱ्यात बसवत नाही. त्यांच्यातले कितीक जण तबकडी ऐकण्याआधी तिची किंमत सांगतात आणि बाहेरच्या माणसाला कपाटाला हात लावू देत नाहीत. पण नोंदी त्यांनीच केल्या. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी लेबले, क्रमांक, गायक यांच्या याद्या जमवल्या. सूचीवाचून इतिहास लिहिता येत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात सांगतो. येथे सूची करणारे विषयाबाहेरचे आणि सूचीकडे पाठ फिरवणारे विषयातले.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. लोकसाहित्याच्या पत्रिकेत छापील लावणीबरोबर मुद्रित लावणी लावा, आणि प्रश्न तिच्या गायनावर विचारा. एम. ए.च्या प्रकल्पासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातल्या एका जुन्या कर्णेवाल्याच्या ट्रंकेची यादी करू द्या. तबकडीचा क्रमांक, दोन्ही बाजू, गायक, वादक, कवीचे नाव; आणि जेथे लेबलावर नुसते ‘पारंपरिक’ छापले आहे तेथे हे गाणे खरोखर कोणी रचले, याची गावात चौकशी. लाख ठिसूळ असते, हातातून निसटली की दोन तुकडे. भंगारवालाही तिला घेत नाही, त्यामुळे घर आवरताना ती उकिरड्यावर जाते. १९६५ साली लग्नात कर्णा लावणारा विशीतला पोरगा आज ऐंशीच्या पुढे आहे, आणि कोणत्या गावात कोणत्या गाण्याला मागणी यायची हे त्याच्याशिवाय कोणाच्या लक्षात नाही. येत्या सत्राचे प्रकल्पविषय जूनमध्ये ठरतील.