दोष लिपीचा नव्हे, चौकटीचा

‘सर्व्हरवर मराठी चालत नाही’ हे वाक्य तंत्रज्ञांच्या तोंडी सिद्धान्तासारखे ऐकू येते. सीमाभागातील मराठी माणसाला त्याचा सूर परिचित आहे. सरकारी कचेरीच्या खिडकीवरही त्याने तो ऐकला आहे.

वस्तुस्थिती पाहा. एसएसएचने दूरच्या संगणकाशी जोडून तिथला एडिटर टर्मिनलमध्ये उघडला, तरी ‘मराठी’ या शब्दाचे पाच संकेतांक, म्हणजे यूटीएफ-८ मधले १५ बाइट, वाटेत गळत नाहीत. मोडतोड होते ती दोन टोकांना. सर्व्हरचे लोकेल ‘सी’ ठेवलेले असले, की तिथला एडिटर देवनागरी ओळखत नाही. प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक खुणा दाखवतो. इकडे टर्मिनलचा पडदा समान रुंदीच्या चौकोनांचा. रोमन अक्षर एका चौकोनात बसते; आपले ‘क्षि’ हे एक अक्षर चार संकेतांकांचे. त्याला किती चौकोन द्यावेत, यावर एडिटर आणि टर्मिनल यांचे एकमत होत नाही; मग कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. माप रोमन लिपीचे, आणि दूषण मात्र देवनागरीला!

उपाय हाताशी आहेत. सर्व्हरवर यूटीएफ-८ चे लोकेल लावणे हे काही क्षणांचे काम. लिनक्समध्ये तर मराठीचे स्वतंत्र लोकेलही आहे. ईमॅक्समधील ट्रॅम्प वापरल्यास फाइल दूर राहते, पण एडिटर आपल्या संगणकावर चालतो आणि जोडाक्षरे इथलाच फाँट जुळवतो. व्हीएस कोडच्या रिमोट-एसएसएच जोडणीतही अक्षरे आपल्याच पडद्यावर घडतात.

‘एवढा खटाटोप कशाला? रोमन लिपीत टंका,’ असा सल्ला मिळतो. ‘वळ’ आणि ‘वल’, ‘बाण’ आणि ‘बान’ यांतील भेद नेहमीच्या रोमन टंकनात उरतो का? बोलींचे शब्द आणि जुन्या कागदांच्या नकला अशा लिपीत ठेवणे म्हणजे पुराव्यावर बोळा फिरवणे. बेळगाव, ग्वाल्हेर आणि हैदराबाद येथील अभ्यासकांना एकाच कोशावर काम करायचे, तर तो कोश कुठल्या तरी दूरच्या संगणकावरच असणार. तिथे आपली लिपी नीट उमटली नाही, तर विखुरलेल्या मराठीला एकत्र बसण्याची ओसरीच उरत नाही.

म्हणून, वाचकहो, ‘चालत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. सर्व्हरचे लोकेल कोणते, ते विचारा. एडिटर कुठे चालतो, ते विचारा. आणि दुरुस्ती होईपर्यंत मागणी सोडू नका.